गुंतवळ

१

त्या दिवशी सकाळी धुई पडली होती. पौषात निर्णा गावाला धुई पडते ती बहुतेक हलकी असते, ऊन वर आलं की तुरीच्या शेंड्यांवरून सरकत निघून जाते. त्या शनिवारची तशी नव्हती. ओल्या घोंगडीसारखी ती गावावर बसून राहिली होती. दारातला कडुलिंब दिसत होता, पण त्याच्या पलीकडचा शेजारच्या मडिवाळप्पाचा गोठा दिसत नव्हता; नुसती बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची. वारा म्हणून नव्हता. चुलीचा धूरसुद्धा वर जायचं सोडून उंबऱ्याशी घुटमळत होता.

अंकुशराव ओट्यावर बसून लेकीची वाट बघत होते. मंजुश्री त्यांची एकुलती एक. हैदराबादेत नोकरी करते, एकटीच राहते. तिची आई, राजूबाई, गेल्या पौषात गेली. वर्षाचं कार्य नुकतंच उरकलं होतं. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा होता, अप्पा, माझ्याकडं चला. अंकुशराव हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. राजूबाईची चूल सोडून जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटायचं.

पण या खेपेला त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोन धोतरं, सदरा, कांबळं आणि राजूबाईचा पितळी तांब्या, एवढं पिशवीत भरून ती पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली होती. रविवारी सांजेला लेकीच्या गाडीत बसायचं आणि जायचं. फक्त हे तिला दारात सांगायचं नव्हतं. पाण्याकाठी निवांत बसल्यावर सांगायचं होतं.

पाण्याकाठी जायचं ठरवलं होतं मंजूनंच. दोन वर्षांमागं हापिसातल्या लोकांबरोबर ती कुल्लूकडं गेली होती. तिथं बर्फाच्या नदीत ट्राउट नावाचा मासा असतो, अंगावर ठिपके असलेला, आणि तो खोट्या माशीवर धरतात. ते ती शिकून आली आणि तिला नादच लागला. फोनवर म्हणाली होती, "अप्पा, आपल्याकडं ट्राउट न्हाई, पण तलावात मरळ तर हाय. तंबू आणते. ल्हानपणी तुमी मला गळ घेऊन वढ्याला न्यायचाव, आता मी तुमाला नेते."

धुईतून मडिवाळप्पा आला. शेजारी, वयानं चार-दोन वर्षांनी धाकटा, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवत म्हणाला, "अण्णा, मासे धरायला चाललाव म्हणं? हिकडं तुरी काढायला माणूस मिळंना."

"लेक म्हणती, चला."

"जावा की. फकस्त वास घिऊन माझ्या दारावरनं येऊ नका."

"वास कशाचा? ती धरती आन् सोडून देती म्हणं."

मडिवाळप्पानं डोळे बारीक केले. "सोडती? मग धरती कामून?"

अंकुशरावांनी ताकाचा तांब्या तोंडाला लावला.

२

मंजू आली ती दिवस बराच वर आल्यावर. जेवणं झाली, आणि तिनं ओट्यावर आपला पसारा मांडला. एक छोटा लोखंडी चिमटा तिनं फळीला घट्ट बसवला, त्यात बारीक गळ धरला आणि त्यावर मोराची, कोंबड्याची पिसं दोऱ्यानं बांधायला लागली. बघता बघता गळाची माशी झाली. दुसऱ्याचा नाकतोडा झाला. अंकुशराव कौतुकानं बघत होते. शेतातल्या माणसाला हाताचं काम बघायला आवडतं.

"ह्यात खायला काय असतंय?" त्यांनी विचारलं.

"काईच न्हाई, अप्पा. नुसतं खाण्यावानी दिसलं पायजे."

"म्हंजे गांडूळबी न्हाई? आपण मासा घेतो तर त्याला कायतरी देतो."

"आपण त्याला परत पाण्यात देतो की," मंजू हसली. मग डबा उपसत पुटपुटली, "मऊ केस संपले. पाण्यात हालणारं काईतरी पायजे होतं, लांब. मरळीला ते लई आवडतं."

अंकुशराव उठले. दाराच्या मागं भिंतीत एक देवळी होती, तिच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. राजूबाई रोज सकाळी विंचरायची, फणीत आलेले केस बोटाला गुंडाळायची आणि तो गुंतवळ त्या भोकात खुपसायची. केस घेणारी भागाबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि गुंतवळाच्या बदल्यात सुया, पिना, कधी एखादी वाटी द्यायची. राजूबाई गेल्यावरही भागाबाई आली होती. "हाय का काई?" तिनं विचारलं. अंकुशराव न्हाई म्हणाले. खोटं बोलले. सुईच्या बदल्यात ते द्यायला त्यांचा हात झाला नव्हता.

आता त्यांनी बोट घालून तो बाहेर काढला. लिंबाएवढा गोळा, निम्मा काळा, निम्मा पांढरा. अजून खोबरेल तेलाचा वास होता.

मंजूचा हात थांबला. "आईचा?"

"व्हय. पडून हाय. तुझ्या हातनं काईतरी हुईल त्याचं."

मंजूनं तो गोळा तळहातावर घेतला. मग तिनं एक बट सोडवली, सरळ केली आणि गळावर बांधली. बांधायला आईच्या इरकली लुगड्याच्या पदराचा लाल रेशमी धागा काढला. झालेली माशी कुठल्याच माशीसारखी नव्हती. तिनं फुंकर मारली तसे केस हलले, आणि अंकुशरावांच्या मानेवर काहीतरी सरकल्यासारखं झालं. केसांत गळ. त्यांना ते बरं दिसेना. पण आपणच आणून दिलेलं, आता नको कसं म्हणायचं? आणि केसात काय असतंय? त्यांनी स्वतःलाच समजावलं. केस म्हणजे केस.

३

तलाव पायी गेलं तर जवळ, माळ ओलांडला की दिसतोच. गाडीला मात्र मोठा वळसा पडतो. पाण्याच्या मधून जिल्ह्याची शीव जाते. अलीकडचा काठ बिदरचा, पलीकडचा गुलबर्ग्याचा. अलीकडं लाल मुरमाचा उतार आणि तुरीची रानं आहेत. पलीकडं खडक आणि पळस, आणि मागं जंगल. त्या बाजूला वस्ती नाही.

धुई उठली होती, पण पाण्यावरून नाही. ती तिथं पातळ होऊन पसरली होती. मंजूनं तंबू लावला, अंकुशरावांनी तीन दगड मांडून चूल केली. मग ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि गळाची काठी हलवायला लागली. तसं दोरी टाकणं अंकुशरावांनी जन्मात बघितलं नव्हतं. दोरी मागं जायची, हवेत लांब पसरायची, मग पुढं यायची आणि माशी पाण्यावर अशी टेकायची की तरंगसुद्धा उठायचा नाही.

दिवस कलता कलता एक मरळ लागली. हातभर लांब, काळपट, जोरकस. मंजूनं ती खेचत खेचत पायाशी आणली, पण लगेच धरली नाही. आधी आपले दोन्ही हात पाण्यात बुडवले.

"कोरड्या हातानं धरलं तर त्याची कातडी भाजती," ती म्हणाली. "आन् आपला दम जितका टिकतो तितकाच येळ भाईर ठिवायचं. अप्पा, हिच्या ओठाकडं बगा."

अंकुशराव वाकले. मंजूचा गळ अडकला होता त्याच्या शेजारी एक जुनी फाटलेली खूण होती, पांढरी पडलेली. दुसऱ्या बाजूला आणखी एक.

"हिला आधीबी कुणीतरी धरलंय," मंजू म्हणाली. "धरून सोडलंय."

"मग पुन्ना कामून आली?"

"खाण्यावानी दिसलं म्हणून."

"मागचं ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय?"

"ऱ्हात असंल थोडा येळ. मग जातंय."

अंकुशरावांना त्या मुक्या जिवाची दया आली. "घरी गेल्यावर काय सांगत असंल बिचारी? ओठाला काय लागलं म्हणून कुणी इचारलं तर?"

मंजू खळखळून हसली. आई गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. "सांगत असंल, दगड लागला!"

तिनं गळ काढला. मग मासळीच्या दोन्ही कुशींना ओले हात लावून तिचं तोंड येणाऱ्या पाण्याकडं धरलं. "आता दम यीस्तोर धरायचं. सोडायची घाई करायची न्हाई." मरळ दोन-चारदा गलफडं हलवत राहिली, मग एकदम शेपूट मारून निघून गेली.

अंकुशराव चुलीपाशी येऊन बसले. लाकडं सारताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली आणि ती जाईना. गावातला माणूस धरलेला मासा कधी सोडत नाही. घरी नेतो, कालवण करतो. इथं शहरातलं कुणी येत नाही. मग ह्या तलावात धरून सोडणारं कोण आहे?

४

सूर्य पळसांच्या मागं गेला तेव्हा मंजूनं आईच्या केसांची माशी लावली. गाठ मारताना ती तोंडात ओली केली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. अंकुशराव बघत होते. गाठ पक्की होती.

दोरी गेली, माशी टेकली. लाल धाग्याचा ठिपका क्षणभर दिसला आणि मग तो नव्हता. हिसका नाही, खळखळ नाही. दोरी आपली हळूहळू खोल पाण्याकडं जायला लागली. एखादं माणूस दोरीचं टोक हातात घेऊन सावकाश चालत जावं, तशी.

"मोठा हाय," मंजू कुजबुजली. तिनं काठी उचलली. काठी वाकली, पण थरथरली नाही. मासा लागला की काठी थरथरते, हे एवढ्या वेळात अंकुशरावांनासुद्धा कळलं होतं. दोरी मधोमध जाऊन थांबली. मंजू ओढत नव्हती आणि पलीकडूनही कुणी ओढत नव्हतं. दोन्हीकडून नुसतं धरून ठेवलेलं होतं.

मग दोरी सैल पडली.

मंजूनं ती गुंडाळून घेतली. टोकाला माशी नव्हती. "तुटली," ती म्हणाली आणि टोक उजेडाकडं धरलं. अंकुशरावांची नजर आता अधू झाली होती, पण दोरखंडांचं काम त्यांनी जन्मभर केलेलं. टोक तुटलेलं नव्हतं. कापलेलंही नव्हतं. ते वेटोळं झालेलं होतं, मारलेली गाठ नखानं सोडवल्यावर होतं तसं.

"नीट बसली नसंल गाठ," मंजू म्हणाली. अंकुशरावांकडं न बघता म्हणाली.

"आसंल," ते म्हणाले. "माय, आता भाईर ये. पाणी गार हाय."

खिचडी खाताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पिशवी भरलीय, उद्या तुझ्यासंगं येतो, एवढंच तर सांगायचं होतं. दोन्ही वेळा त्यांना वाटलं की कुणीतरी ऐकतंय. म्हणून ते बोलले नाहीत. सकाळी उजेडात सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ताटल्या विसळायला ते पाण्याशी गेले तेव्हा पलीकडच्या काठावरून आवाज आला.

थप, थप. मग जरा थांबून, थप.

अंकुशराव वाकलेले तसेच राहिले. भाकरी थापल्याचा आवाज. खेड्यात कुठल्याही घरातून येईल असा. पण प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. राजूबाई विहिरीवर पडली होती, मनगट मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. तेव्हापासून तिची भाकरी लंगडी थापली जायची. थप, थप. मग मनगट दुखायचं म्हणून थांबायची. थप.

"मंजू, तुला काई ऐकू यायलंय का?"

मंजूनं तंबूतून डोकं बाहेर काढलं. "भाकरी थापायलंय कुणीतरी. वाडी हाय का पलीकडं?"

"व्हय," अंकुशराव म्हणाले. "आसंल."

५

पहाटं त्यांना जाग आली ती वासानं. जोंधळ्याची भाकरी तव्यावर टाकली की पहिला वास सुटतो, तो. मंजू कांबळ्यात मुटकुळं करून झोपली होती. अंकुशराव आवाज न करता बाहेर आले. दिवस उगवायला अवकाश होता, पण धुई आतून उजळल्यासारखी दिसत होती. पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

थप, थप. थप.

आज ते पलीकडून येत नव्हतं. याच काठावर, डाव्या अंगाला, मुरमाची एक जीभ पाण्यात गेली होती तिच्या टोकावरून येत होतं.

अंकुशराव शहाणे होते. म्हातारा माणूस, वर्षभर एकट्यानं जेवलेला, त्याच्या कानात आवाज होणारच, हे त्यांना समजत होतं. तिला स्वतः पोचवून आलो, तेही समजत होतं. तरीपण बघायला काय हरकत आहे? जवळ गेलं की काही नसणार. मग मन मोकळं होईल आणि लेकीला सांगता येईल, चल. असा साधा विचार करून ते निघाले.

जिभेच्या टोकाला चूल होती. त्यांच्या चुलीसारखीच, तीन दगडांची. जाळ होता, पण जाळाचा उजेड आजूबाजूच्या धुईवर पडत नव्हता. चुलीपुढं पाठमोरी एक बाई बसली होती. इरकली लुगडं, पाठीवर मोकळे केस, निम्मे काळे, निम्मे पांढरे. ओले.

"राजू," ते म्हणाले. हाक मारायची नव्हती, पण तोंडातून गेली.

ती वळली नाही. थापणं थांबलं. तिनं तव्यावरच्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढला, हात मागं केला आणि तो त्यांच्यापुढं धरला.

आता बघा, पहिल्या भाकरीचा पापुद्रा, त्यावर तेल आणि मीठ. लग्न झाल्यापासून रोज सकाळी राजूबाईनं तो असाच मागं हात करून दिला होता आणि अंकुशरावांनी तो काही न बोलता घेतला होता. ते खाली बसले. पुढं सरकले. पाय गार पडले, धोतर जड झालं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. हातात पापुद्रा आला. तो गरम नव्हता.

तोंडात घालताना त्यांना तिच्या हातातल्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

राजूबाईच्या त्या मनगटात बांगडी चढायची नाही. हाड जाड झालं होतं. भाकरी थापताना दुसऱ्या हातातल्याही ती कोपरापर्यंत सारायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्या कधी वाजत नव्हत्या.

पापुद्र्याला मीठ नव्हतं. तेल नव्हतं. जिभेखाली काहीतरी लांब, मऊ, हलणारं लागलं.

मग ओठाला हिसका बसला.

६

त्यानंतरचं अंकुशरावांना नीट सांगता येत नाही. दम कोंडला होता. आजूबाजूला सगळीकडं हिरवा उजेड होता, आणि त्या उजेडात त्यांच्याकडं बघणारं काहीतरी, फार मोठं, फार शांत. रागाचं नव्हतं. मंजूनं मरळीकडं बघितलं होतं तसं ते बघत होतं. लगेच धरलं नाही त्यानं. मग दोन्ही कुशींना हात लागले, ओले. दम संपत आला तेव्हा त्यांना वर आणलं गेलं, तोंड वाऱ्याकडं करून धरलं गेलं, आणि एक दम आला, दुसरा आला, तिसरा आला. तोवर सोडलं नाही.

"अप्पा! अवो अप्पा!"

मंजू पाण्यातून पळत येत होती. अंकुशराव जिभेच्या टोकावर कमरेइतक्या पाण्यात बसले होते, तोंड वाऱ्याकडं. चूल नव्हती. दगडही नव्हते.

तिनं त्यांना ओढून काठावर आणलं, सदरा काढला, टॉवेलनं खसाखसा पुसलं. रडत होती आणि रागवत होती. "कामून गेलाव एकटे? पोहायला येतंय का तुमाला? मला हाक मारायची की!"

"तोंड धुवायला गेलतो. पाय घसरला."

"आन् ओठाला काय लागलंय? रगत यायलंय."

"दगड लागला," अंकुशराव म्हणाले.

मंजूचा हात क्षणभर थांबला. मग तिनं त्यांचा ओठ पुसला. तंबू मोडताना तिनं एकदाही पाण्याकडं पाठ केली नाही. उरलेला आईचा गुंतवळ तिच्या डब्यात होता, तो तिनं रुमालात बांधून गाडीच्या पुढच्या खणात ठेवला आणि खण दाबून लावला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अप्पा, आता मी तुमाला इथं ठिवत न्हाई. आजच चला. हे सांगायला न्हाई, न्यायलाच आल्ते मी."

पिशवी खुंटीला होती. हात वर केला की निघायची. हेच तर त्यांना हवं होतं, शनिवारी सकाळी तरी हवं होतं. अंकुशरावांनी हात वर केला, आणि त्यांना वाटलं, एवढी घाई कशाला? काय झालं असं? पाय घसरला, एवढंच. जरासं दुखलं आणि मग आपल्या हवेत आलो. उलट तो वास किती बरा होता.

"तुरी निगू दे," ते म्हणाले. "पुढच्या शनवारी ये. मग येतो, पक्कं."

मंजूनं त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. "पिशवी भरलेली हाय तुमची," ती म्हणाली. "मी बगितलीय. कवा भरलाव?"

अंकुशराव कावरेबावरे झाले. त्यांना ते खरंच आठवत नव्हतं.

ती गेली. जाताना मडिवाळप्पाच्या दाराशी गाडी थांबवून काहीतरी बोलली. अंकुशरावांना ऐकू आलं नाही. फक्त एवढं दिसलं की मडिवाळप्पानं कपाळावरच्या भस्माला हात लावला आणि मान हलवली.

७

त्या आठवड्यात धुई रोज पडत होती.

अंकुशराव तलावाकडं फिरकले नव्हते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कामून जातील? तुरीच्या रानात जायचे, घरी यायचे, तुकडा खाऊन पडायचे. मात्र सकाळी धोतर दमट लागायचं. धुई आहे, ओल धरतंच, ते म्हणायचे. वहाणांना लाल मुरूम असायचा. माळावर सगळीकडं मुरूमच आहे. भूक लागायची नाही, पोट भरल्यासारखं वाटायचं, पण तोंडाला चव नसायची. भाकरीवर मीठ घालून घालून ते दमले.

मंजू रोज फोन करायची. "अप्पा, दाराला आतनं कडी लावता का?"

"लावतो की."

"मडिवाळप्पा काका येतात का बगायला?"

"येतोय. डोस्कं खातोय माझं."

"शनवारी येते मी. काठी बिठी काई आणत न्हाई. तुमाला गाडीत घालून नेते. ऐकायलाव का?"

"ऐकायलोय, माय. येतो म्हणलो न्हवं?" आणि ते खरंच तसं म्हणायचे, मनापासून. एकटी लेक, परक्या गावात, संध्याकाळी दार उघडून अंधाऱ्या घरात शिरते. तिच्या घरात आपण दिवा लावून बसलेलं असावं. फोन ठेवून ते खुंटीवरच्या पिशवीला हात लावून बघायचे. आहे.

शुक्रवारी सकाळी मडिवाळप्पा ताक घेऊन आला. अंकुशराव ओट्यावर बसले होते, वाळत घातलेल्या धोतराचं पाणी कडुलिंबाखाली टिपकत होतं. मडिवाळप्पानं धोतराकडं बघितलं. तांब्या खाली ठेवून समोर बसला.

"उद्या चाललो बग लेकीकडं," अंकुशराव म्हणाले. "चावी तुझ्यापशी ठिवतो."

"बेस झालं. मी सोता गाडीत बसवतो तुमाला." तो जरा पुढं वाकला. "आतनं कडी लावायलाव ना रातच्याला?"

"लावतो की रं. लेकीनं शिकवलंय व्हय तुला?"

"व्हय, शिकवलंय. मी पहाटं दोनदा येऊन दार ढकलून बगितलो. उघडं हुतं."

"वारा आसंल."

"वारा कुठला, अण्णा? सोमवारपसून पान हाललेलं न्हाई."

अंकुशरावांनी ताकाचा घोट घेतला. ओठ झोंबला. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि बोटानं ओठ चाचपला. त्याच वेळी माळाच्या बाजूनं, धुईतून, कुणाच्या तरी घरची भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तिकडं मान वळवली. तोंड उजेडाकडं झालं.

मडिवाळप्पा उठून जवळ आला. बोट लावलं नाही. नुसता त्यांचा ओठ निरखला, मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"अण्णा, ओठाला ह्या अंगानं लागलंय ते दगडाचं म्हणलाव, आयतवारचं. मग त्या अंगाचं कवाचं? काल तर नव्हतं."